चेक इंजिनचा लाईट पेटला: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजात या एका पिवळ्या लाईटसाठी रोज एक तरी फोन येतोच. खालचे प्रश्न लोकांनी फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि गॅरेजच्या दारात उभं राहून विचारलेले आहेत. शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. क्रमांक अशासाठी दिलेत, की एका उत्तरात दुसऱ्याचा हवाला देता यावा आणि तीच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये.

सगळं वाचायला वेळ नसेल तर ३, ४ आणि ८ एवढे तरी वाचा. आणि एक विनंती मनापासून आहे: कोड, म्हणजे गाडीच्या संगणकानं नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, कागदावर लिहून घेतल्याशिवाय कुणालाही तो पुसू देऊ नका. या लाईटपायी वाया गेलेले जितके पैसे मी पाहिलेत, त्यातले बहुतेक या एका घाईमुळे गेलेत.

१. हा पिवळा लाईट नेमका कशाचा? ऑईल संपल्याचा की इंजिन गरम झाल्याचा?

दोन्हीचा नाही. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा किंवा नारिंगी लाईट म्हणजे गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, धूर आणि इंधन जळणं यांच्याशी संबंधित काहीतरी खटकलंय. सेन्सर खराब असेल, प्लग-कॉईल कमजोर असेल, हवा कुठून तरी चोरटी आत जात असेल, वायर तुटली असेल. शेकडो कारणांना हा एकच लाईट आहे.

ऑईलच्या प्रेशरचा लाईट वेगळा असतो: लाल रंगाची, थेंब गळणारी तेलाची झारी. गरम होण्याचाही वेगळा: पाण्यात बुडवलेला थर्मामीटर. हे दोन लाल लाईट पेटले तर गाडी लगेच बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. तिथे "पुढच्या चौकापर्यंत जाऊ" असा विचारसुद्धा करू नका. पिवळ्याला मात्र बहुतेक वेळा विचार करायला सवड असते.

२. चावी फिरवली की लाईट पेटतो, गाडी चालू झाली की जातो. हा बिघाड आहे का?

नाही, असंच व्हायला हवं. चावी ऑन केली की लाईट जिवंत आहे हे गाडी दाखवते. उलट चावी ऑन करूनही तो पेटला नाही तर काळजी करा. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी यासाठी प्रश्न १९ जरूर वाचावा.

३. पन्हाळ्याला निघालोय, वाघबीळजवळ लाईट पेटला. पुढं जाऊ का परत फिरू?

आधी सुरक्षित जागी थांबा आणि चार गोष्टी बघा. लाईट स्थिर आहे की लुकलुकतोय? गरम होण्याचा काटा नेहमीच्या जागी आहे ना? दुसरा एखादा लाल लाईट आहे का? गाडीचा आवाज, ओढ, वास यात काही बदल वाटतोय का?

लाईट स्थिर असेल आणि बाकी सगळं रोजच्यासारखं असेल, तर गाडी तिथेच सोडायची गरज नाही. प्रवास पुरा करा, पण दामटू नका, आणि दोन-चार दिवसांत कोड काढून घ्या. ओढ कमी वाटत असेल तर मात्र चढावर जाऊ नका. पन्हाळ्याचा चढ पाच माणसं भरलेल्या गाडीला खरा भार देतो, आणि अर्धवट बिघाड भाराखालीच पूर्ण होतो. तिथून परत फिरून शहरात येणं सोपं आहे. लाईट लुकलुकत असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

४. लाईट लुकलुकतोय आणि गाडी थरथरतेय. आता?

ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. लुकलुकणं म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाही, गाडी मिसिंग करतेय, आणि तीही इतकी की धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला धोका आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर त्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. आतली जाळी प्रमाणाबाहेर तापते आणि वितळते. प्लग किंवा कॉईल काही शे ते काही हजारांत येते. कन्व्हर्टरचं बिल दहा हजारांच्या पटीत जातं. कावळा नाक्यापासून शिरोलीपर्यंत "हळूहळू नेऊ" म्हणणाऱ्यांनी हा फरक स्वतःच्या खिशातून भरलाय.

गॅरेज अगदी शेजारी नसेल तर टो करूनच न्या. कोड पी ०३०१ ते पी ०३०४ मधला असेल तर शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी ०३०० म्हणजे मिसिंग एकाच सिलिंडरचं नाही. समजा पी ०३०२ आला. चांगला मेस्त्री लगेच नवी कॉईल मागवत नाही. तो दुसऱ्या सिलिंडरची कॉईल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावून बघतो. कोड पी ०३०३ झाला तर दोषी कॉईल सापडली. तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं पुढं शोधायचं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तुम्ही समोर उभं राहून करायला सांगू शकता.

५. लाईट सहा महिने झाले पेटलाय, पण गाडी एकदम झकास चालते. दुर्लक्ष केलं तर काय हुतंय?

दोन गोष्टी होतात. पहिली: सेन्सर बिघडला की ईसीएम अंदाजपंचे ठरावीक आकडे धरून गाडी चालवतो. गाडी चालते, पण पेट्रोल जास्त पाजलं जातं, ॲव्हरेज घसरतो, प्लग काळे पडतात, आणि हळूहळू तोच कन्व्हर्टर खराब होतो.

दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. लाईट एकच आहे. जुन्या किरकोळ कोडसाठी तो आधीच पेटलेला असेल, तर उद्या दुसरा गंभीर बिघाड झाला तरी तुम्हाला कळणार नाही. घरातली धोक्याची घंटा सतत वाजत ठेवल्यासारखं आहे ते.

६. कोड कसा काढतात? स्वतः काढता येतो का?

येतो. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं एक सॉकेट असतं. आपल्याकडे बीएस ४ या धुराच्या नियमांच्या काळात, २०१३ पासून, गाड्यांत ओबीडी २ ही बिघाड ओळखून कोड नोंदवणारी व्यवस्था आली, आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या सगळ्या बीएस ६ गाड्यांत ती आहेच. त्या सॉकेटला ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावून मोबाईलच्या ॲपवर कोड वाचता येतो. असा स्कॅनर साधारण ५०० ते १५०० रुपयांत मिळतो. आयफोन असेल तर त्याच्याशी जुळणारा आहे ना हे विचारून घ्या. साधे ब्लूटूथवाले बऱ्याचदा आयफोनशी जुळत नाहीत.

कोडची पाच अक्षरं असतात. पहिलं पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं. त्यानंतर शून्य असेल तर तो सगळ्या कंपन्यांना समान कोड, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. कंपनीच्या कोडचा अर्थ सरसकट इंटरनेटवर शोधू नका. एकाच आकड्याचा दोन कंपन्यांत वेगळा अर्थ निघतो.

स्कॅनर काम झाल्यावर काढून ठेवा. गाडी आठवडाभर उभी असताना तो लावलेला राहिला तर बॅटरी उतरते.

७. लाईट पेटला होता, दोन दिवसांत आपोआप गेला. बरं झालं ना?

बरं झालं असेल किंवा नसेल. बिघाड सलग तीन फेऱ्यांत पुन्हा दिसला नाही तर ईसीएम लाईट विझवतो. फेरी म्हणजे गाडी चालू होऊन, पुरेशी धावून, तपासण्या होऊन बंद होणं. घरातून भाजी मंडईत जाऊन येणं बहुधा त्यात धरलं जात नाही. लाईट गेला तरी कोड आत राहतो आणि इंजिन साधारण ४० वेळा थंड होऊन पुन्हा गरम झाल्यावर पुसला जातो. म्हणजे लाईट गेल्यावरही काही आठवडे कोड वाचता येतो. वाचून ठेवा. पावसाळ्यात येणारा-जाणारा लाईट बहुतेक वेळा ओलाव्याचा निघतो, त्यासाठी प्रश्न १० बघा.

८. स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला. मेस्त्री म्हणतात सेन्सर बदला. बदलू का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत जास्त पैसे वाचवणारा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कोड सुट्या भागाचं नाव सांगत नाही, कुठल्या मोजमापात गडबड आहे ते सांगतो. ताप आल्यावर थर्मामीटर बदलून ताप उतरत नाही. गडहिंग्लजहून एक गृहस्थ आमच्याकडे आले, तोवर त्यांनी दुसरीकडे दोन ऑक्सिजन सेन्सर बदलून घेतले होते. लाईट तरीही परत येत होता. गाडी वर घेतली तर सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टच्या जोडावर गॅस्केट फुटून काळा डाग पडलेला. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि सेन्सर इमानदारीनं सांगत होता की ऑक्सिजन जास्त आहे. खोटं कुणीच बोलत नव्हतं, फक्त ऐकणाऱ्यानं अर्धंच ऐकलं. गॅस्केट बदललं, लाईट गेला. दोन महागडे सेन्सर मात्र फुकट गेले होते.

म्हणून कोडसोबत फ्रीझ फ्रेम मागा. बिघाड पकडला त्या क्षणी ईसीएम एक फोटो काढून ठेवतो: आरपीएम किती, वेग किती, कुलंट किती तापलेलं, इंजिनावर भार किती, इंधन किती टक्के वाढवून-कमी करून दिलं जात होतं. हा फोटो हातात असेल तर निम्मं काम झालं.

पी ०१७१ घ्या. अर्थ एवढाच, की मिश्रणात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. फ्रीझ फ्रेममध्ये गाडी सिग्नलला उभी, आरपीएम ८०० च्या आसपास असेल, तर मी आधी व्हॅक्यूमच्या नळ्या आणि इनटेकची गॅस्केट तपासतो. कारण आयडलिंगला इंजिन थोडीच हवा घेतं; त्यात चोरटी हवा मिसळली की लगेच फरक पडतो, आणि रेस वाढवली की तोच फरक झाकला जातो. तोच पी ०१७१ कागलच्या रस्त्यावर ताशी ८० च्या वेगात, भाराखाली आला असेल तर संशय पेट्रोल पंप, तुंबलेला फिल्टर किंवा हवा मोजणाऱ्या मळलेल्या सेन्सरवर. कोड एकच, इलाज पूर्ण वेगळे.

तर सेन्सर बदलण्याआधी मेस्त्रींना विचारा: "फ्रीझ फ्रेममध्ये काय दिसतंय? सेन्सरची वायर आणि करंट तपासला का? एक्झॉस्ट कुठं गळतोय का?" या तिन्हीची उत्तरं मिळाली आणि तरीही सेन्सरच दोषी ठरला, तर खुशाल बदला. सेन्सर खराब होतातच. पी ०१३५ सारखा कोड सेन्सरच्या आतल्या हीटरचा असतो; तिथे वायर आणि फ्यूज ठीक निघाले तर बहुतेक वेळा सेन्सरच जातो.

९. बॅटरीची तार काढून लावली की लाईट जातो म्हणे. करू का?

दिवा जातो, दुखणं राहतं. शिवाय प्रश्न ८ मधली फ्रीझ फ्रेम पुसली जाते, आणि ईसीएमनं महिनोन्महिने तुमच्या गाडीशी जुळवून घेतलेले आकडेही जातात. त्यामुळे काही गाड्या नंतर दोन दिवस आयडलिंगला अडखळतात, काहींच्या म्युझिक सिस्टीमला कोड मागितला जातो. बिघाड खरा असेल तर लाईट चार दिवसांनी परत येतो आणि तेव्हा मेस्त्रीच्या हातात काहीच पुरावा नसतो.

कोड पुसायची योग्य वेळ एकच: दुरुस्ती झाल्यावर. पुसून, गाडी फिरवून, पुन्हा स्कॅन करून बघायचं.

१०. खंडेनवमीला गाडी धुतली, इंजिनावरही प्रेशरनं पाणी मारलं. दसऱ्याच्या सकाळी लाईट!

दरवर्षी येणारे फोन! पूजेसाठी गाडी लख्ख हवी हे मान्य, पण बोनेटखाली प्रेशरची नळी नको. पाणी कॉईलच्या खालच्या खड्ड्यात, प्लगपाशी साचतं आणि ठिणगी भलतीकडेच उडते. कधी कनेक्टरच्या आत जाऊन सेन्सरचं वाचन बिघडतं. गाडी मिसिंग करत असेल तर चालवू नका. इंजिन थंड असताना कॉईल काढून खड्ड्यातलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायचं, कनेक्टर उघडून वाळवायचे. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. पुढच्या वर्षी इंजिन ओल्या फडक्यानं पुसा, हार-फुलं तेवढीच शोभतील.

जुलै-ऑगस्टच्या झडीत फक्त पावसातच मिसिंग होत असेल तर कॉईलच्या रबराला किंवा प्लगच्या वायरला बारीक तडा गेलेला असतो. कोरड्या दिवशी तो सापडत नाही. आम्ही स्प्रे-बाटलीनं एकेका ठिकाणी थोडं पाणी मारून बघतो.

११. उंदरांनी वायर कुरतडल्या. टेप मारून चालेल का?

घरी पोहोचण्यापुरतं चालेल. कायमचं नाही. वायर पिळून टेप मारलेला जोड पावसाळ्यात हिरवा पडतो आणि मग कधी कोड येतो, कधी जातो. शोधता शोधता मेस्त्री रडकुंडीला येतो. जोड डाग देऊन, वर आकसणारी नळी चढवून करून घ्या. इंजेक्टर किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या वायरला तर हे हवंच.

आमचा अनुभव असा, की ऊसतोड सुरू झाली की हा त्रास वाढतो. रान मोकळं झालं की उंदीर घरांकडे, गोठ्यांकडे आणि गाड्यांकडे वळतात. कसबा बावडा, उचगाव, वडणगे या बाजूच्या गाड्या त्या महिन्यांत हमखास येतात. डांबरगोळ्या, तंबाखूच्या पुड्या लोक ठेवतात. वास उडाला की उपयोग संपतो. गाडीत खाणं ठेवू नका, एकाच कोपऱ्यात आठवडाभर उभी करू नका, आणि दर दोन-तीन दिवसांनी बोनेट उघडून लेंड्या दिसतात का बघा. खर्च काही नाही, आणि यापेक्षा जास्त उपयोगी काही मला सापडलेलं नाही.

१२. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली होती. आता सगळेच लाईट पेटलेत. काय करू?

चावी फिरवू नका. अजून चालू केली नसेल तर अजिबात करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जी गाडी साफसफाईवर वाचली असती तिचं इंजिन उघडावं लागतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरानंतर आमच्याकडे आलेल्या गाड्यांत सरळ दोन गट दिसले: टो करून आणलेल्या आणि "चालू होते का बघितलेल्या". दुसऱ्या गटाचं बिल कितीतरी मोठं झालं.

क्रम असा ठेवा. पाणी कुठवर आलं होतं त्याचे फोटो काढा, पाण्याची रेघ दिसेल असे. विमा कंपनीला कळवा. बॅटरी काढा. गाडी टो करून न्या. ऑईल दुधाळ दिसतंय का, एअर फिल्टर ओला आहे का, हे बघूनच पुढचं ठरतं. साध्या सर्वसमावेशक विम्यात पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाण्यात इंजिन चालू करून झालेलं नुकसान इंजिन प्रोटेक्टचं जादा कलम नसेल तर सहसा नाकारतात. कोडांची यादी या टप्प्यावर निरुपयोगी असते. कनेक्टर सोडवून, धुऊन, वाळवल्यावर जे कोड परत येतील तेच खरे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की पूररेषेतल्या लोकांनी गाडी उंचावर नेऊन लावावी. ४३ फुटांची धोका पातळी येईपर्यंत थांबलात तर रस्तेच बंद झालेले असतात.

१३. बाहेरून सीएनजी किट बसवलं, तेव्हापासून लाईट आहे. किटवाला म्हणतो असं चालतंच.

असं चालत नाही. चांगलं बसवलेलं आणि ट्यून केलेलं किट लाईट न पेटवता चालतं. सीएनजीवर धावताना ईसीएमला पेट्रोलचे इंजेक्टर बंद दिसतात, मिश्रण वेगळं दिसतं; ते सांभाळून घ्यायला किटमध्ये इम्युलेटर असतो. तो नीट जोडलेला नसला, गॅसचं मॅपिंग केलेलं नसलं किंवा गॅसचा फिल्टर तुंबला की कोड येतात. आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवून बघा. लाईट आला नाही तर बिघाड किटच्या बाजूला आहे, आणि ट्युनिंग करून देणं बसवणाऱ्याची जबाबदारी आहे. कंपनीतूनच सीएनजी आलेल्या गाडीत हे कारण सहसा नसतं. तिथे प्लग आधी बघा, कारण सीएनजीला ठिणगी जास्त जोरकस लागते.

१४. इथेनॉलच्या पेट्रोलमुळे लाईट पेटतो का?

एकट्या इथेनॉलमुळे सहसा नाही. २०२५ पासून पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल येतं. त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतून जातं, त्यामुळे हा प्रश्न इथं जरा आपुलकीनं विचारला जातो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन द्यावं लागतं, आणि ईसीएम ते स्वतःहून वाढवतो. पण गाडी आधीच मळलेल्या इंजेक्टरमुळे किंवा चोरट्या हवेमुळे वाढवण्याच्या मर्यादेजवळ असेल, तर हा थोडासा भार तिला मर्यादेपार ढकलतो आणि पी ०१७१ येतो. दोष जुना असतो, फक्त तो आता दिसतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्महिने उभी ठेवू नका. पेट्रोल भरल्याभरल्या मिसिंग सुरू झालं तर भरल्याची पावती जपून ठेवा आणि टाकीतला नमुना बाटलीत काढून बघा. पाणी खाली बसतं.

१५. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलंय की पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, लाईट जातो. माझा नाही गेला.

तो सल्ला मुख्यतः अमेरिकेतल्या गाड्यांसाठी आहे. तिथं टाकीतून वाफ गळते का हे गाडीनं तपासण्याची सक्ती आहे, त्यामुळे सैल झाकणाचा कोड येतो. आपले नियम युरोपच्या धर्तीचे. आपल्या बहुतेक गाड्यांत ही गळती मोजलीच जात नाही. झाकण नीट लावाच, पण त्याच्यावर विसंबून पंधरा दिवस घालवू नका.

१६. बीएस ६ डिझेल आहे, रोज राजारामपुरी ते शाहूपुरी एवढंच फिरणं. डीपीएफचा लाईट येऊन गेला, आता चेक इंजिन आहे.

डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी. ती भरली की गाडी एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून काजळी जाळून टाकते. त्याला सलग धावणं लागतं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत हे जाळणं दरवेळी अर्धवट राहतं. अर्धवट राहिलं की त्यासाठी टाकलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसतं. ऑईल वाढलंय हे चांगलं लक्षण नाही.

फक्त डीपीएफचा लाईट असताना उपाय सोपा होता: तावडे हॉटेलवरून हायवेला लागा, किणी टोलनाक्याच्या दिशेनं तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवून वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालवा. चेक इंजिनही पेटलं असेल तर आधी कोड वाचा. काही बिघाडांत ईसीएम हे जाळणं बंदच ठेवतो, आणि मग कितीही पळवलं तरी गाळणी साफ होत नाही. तेव्हा स्कॅनरवरून करून घ्यावं लागतं. डीपीएफ कापून सरळ पाईप बसवून देणारे भेटतात. ते बेकायदेशीर आहे, आणि त्या काळ्या धुरात आपलीच मुलं शाळेत जातात.

रोजचं फिरणं एवढंच असेल तर पुढची गाडी घेताना डिझेल घेऊ नका, हे मी गिऱ्हाईक गमावून सांगतो.

१७. आंबा घाटात अचानक पिकअप गेला, आरपीएम तीन हजारांच्या वर जाईना. बंद करून चालू केली तर ठीक. का?

गाडी लिंप मोडमध्ये गेली. मोठी हानी टाळण्यासाठी ईसीएम ताकद कापतो, तुम्हाला सुरक्षित जागी पोहोचता यावं इतकीच ठेवतो. टर्बोचं प्रेशर, थ्रॉटल, ॲक्सिलरेटरचा सेन्सर ही नेहमीची कारणं. टर्बोच्या होजला भेग असेल तर ती चढावरच उघडते. बंद-चालू केल्यावर ताकद परतते, पण कारण तिथेच असतं.

घाटात असं झालं तर वळणावर थांबू नका. हॅझर्ड लावून, खालच्या गिअरमध्ये, पुढच्या रुंद जागेपर्यंत जा. धुकं असेल तर गाडीत बसून राहू नका, कठड्याच्या आतल्या बाजूला उभे राहा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही ११२. गगनबावडा, आंबा, फोंडा या तिन्ही बाजूंना रेंज मध्येमध्ये जाते, म्हणून रेंज आहे तिथेच फोन करून घ्या.

१८. लाईट पेटलेला असताना पीयूसी मिळते का?

मिळू शकते. आपल्या पीयूसी केंद्रावर ओबीडीचं सॉकेट जोडत नाहीत. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधला कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलचा धूर किती दाट आहे ते मोजतात. सेन्सरचा हीटर गेला असेल तरी आकडे मर्यादेत येऊ शकतात. उलट मिसिंग करणारी गाडी बहुधा अडकते. नव्या गाडीला पहिलं वर्षभर पीयूसी लागत नाही, पुढं बीएस ४ आणि बीएस ६ ला प्रमाणपत्र वर्षभर चालतं. पीयूसी मिळाली म्हणजे गाडी ठणठणीत, असं मात्र समजू नका.

१९. एमएच ०९ ची जुनी गाडी बघितली. लाईट नाही, सगळं छान. तरी काही तपासू का?

तीन गोष्टी, आणि त्या मालकासमोरच.

इंजिन पूर्ण थंड असताना जा. बोनेटवर हात ठेवून बघा; आधीच गरम करून ठेवलेली गाडी बऱ्याच खोड्या लपवते.

चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. चेक इंजिनचा लाईट पेटलाच पाहिजे. पेटला नाही तर कुणीतरी तो काढलाय किंवा झाकलाय. काही जण त्याची जोडणी ऑईलच्या लाईटला देतात. मग दोन्ही एकाच क्षणी विझतात. इंजिन चालू होताना दोन्हींकडे नीट बघा.

मग स्कॅनर लावा. कोड शून्य दिसले तरी तिथे थांबू नका, ॲपमध्ये रेडीनेस मॉनिटर बघा. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर अशा तपासण्यांपुढे "अपूर्ण" लिहिलेलं असेल तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढलीय. मालक म्हणतील बॅटरी नवी टाकली. तेही खरं असू शकतं, बॅटरीवरची तारीख वाचा. मग बयाणा न देता सांगा, की दोन-तीन दिवस गाडी वापरा, मी पुन्हा येऊन स्कॅन करतो. पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टर थकल्याचा कोड, पुसल्यावर परत यायला बऱ्याचदा शंभर-दोनशे किलोमीटर घेतो. नेमका सौदा होईपर्यंत गप्प राहण्याइतका वेळ. मालक पुन्हा स्कॅन करू द्यायला तयार नसतील तर ती गाडी सोडून द्या.